दोरीवरच्या उड्या: दोरी कोणती घ्यावी आणि सुरुवात कशी करावी?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. वय ४३, उंची पाच फूट एक इंच, वजन ६८ किलो, काम दिवसभर खुर्चीत बसून. दोन वर्षं सोलापुरातल्या संभाजी तलावावर सकाळी चालत होते. फेब्रुवारीपासून ऑफिसची वेळ लवकरची झाली आणि ते बंद पडलं. संध्याकाळी जावं तर घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात, पुढे स्वयंपाक. म्हणून घरच्या घरी दहा-पंधरा मिनिटांत होईल असा व्यायाम शोधत होते. लहानपणी दोरीवर शंभर-शंभर उड्या सहज मारायचे, तेच परत सुरू करू म्हटलं.

ऑनलाइन एक दोरी मागवली. बारीक स्टीलची तार, वर प्लॅस्टिकचं आवरण, मुठीत बेअरिंग. फोटोत फार छान दिसत होती. पहिल्या दिवशी सलग सात उड्यांच्या पुढे गेले नाही. तार दिसतच नाही, ती कुठे आहे ते पायाला लागल्यावरच कळतं. पोटरीवर आणि दंडावर लाल वळ उठलेत. तिसऱ्या दिवसापासून डाव्या नडगीच्या आतल्या बाजूने ठणकतंय. उड्या गच्चीवर मारते, अनवाणी.

माझं विचारणं असं: दोरी चुकली की मी चुकते आहे? लांबी कशी ठरवतात? गच्ची बरी की घरातली फरशी? आणि सासूबाई म्हणतात, या वयात बाईमाणसाने उड्या मारू नयेत, गर्भाशय खाली सरकतं. त्या काळजीनेच म्हणतात, त्यामुळे त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

होटगी_रोड

ताई, तारेची दोरी वाईट नसते, मी तीच वापरतो. पण ती वेगासाठी असते. एका उडीत दोरी दोनदा पायाखालून काढायची तर तार सोपी जाते. शिकताना तिचा उपयोग नाही. शिवाय गच्चीच्या खरबरीत कोब्यावर तिचं आवरण महिन्याभरात घासून जातं आणि आतली तार उघडी पडते. तशी तार लागली तर कातडी सोलवटते. आवरण कुठे फाटलंय का, ते रोज बोट फिरवून बघत जा. फाटलं असेल तर ती दोरी टाकून द्या.

मैदान

मी शाळेत खेळ शिकवतो. दरवर्षी पाचवी-सहावीची पन्नास-साठ पोरं दोरीवर उभी करतो, त्यामुळे या विषयावर थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमची दोरी चुकली आहे आणि ती चूक नव्या माणसांपैकी बहुतेकांची होते, कारण दुकानात सगळ्यात महाग आणि देखणी दोरी तीच असते. नवशिक्याला दोरी जड आणि सावकाश फिरणारी हवी. दोरीला वजन असलं की ती फिरताना ताणलेली राहते, तिची कमान मोडत नाही आणि आत्ता ती डोक्यावर आहे की पाठीमागे, ते मनगटाला कळतं. ते कळलं की पाय आपोआप वेळेवर उचलला जातो. तारेत ते कळत नाही. सुती दोरीतही नाही, ती हवेत लुळी पडते आणि घामाने किंवा पाण्याने भिजली की वेगळीच वागते.

माझ्या मते पहिली दोरी मण्यांची घ्यावी. नायलॉनच्या दोरात इंच-इंच लांबीचे प्लॅस्टिकचे मणी ओवलेले असतात. ती जमिनीला लागली की टक् असा आवाज येतो. तो टक् म्हणजे तुमचा ठेका. आमची पोरं पहिले दोन दिवस नुसता आवाज ऐकतात: दोन्ही मुठी एका हातात धरायच्या, दोरी अंगाच्या बाजूला फिरवायची आणि टक् झालं की जागच्या जागी उडी. दोरी पायाखाली येतच नाही, त्यामुळे अडकण्याची भीती नाही. ज्याला हे जमलं त्याला तिसऱ्या दिवशी दोरी जमते. मण्यांची मिळाली नाही तर साधी पीव्हीसीची, पाच मिलीमीटरच्या आसपास जाडीची घ्या.

लांबीचं म्हणाल तर दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून ताठ उभं राहायचं आणि दोन्ही टोकं वर ओढायची. मुठींची वरची टोकं काखेपर्यंत आली पाहिजेत. हात बसला की छातीपर्यंत आली तरी चालतात. आकड्यात सांगायचं तर उंचीत साधारण तीन फूट मिळवा. म्हणजे तुम्हाला आठ फुटांच्या आसपास. बाजारातली दोरी नऊ-दहा फुटी असते, ती तुम्हाला लांब होणारच. लांब दोरी जमिनीवर लोळते, मग ती उचलायला हात बाहेर पसरतात, हात पसरले की दोरी वर उचलली जाऊन पायात येते आणि माणूस म्हणतो मला जमत नाही.

पण लगेच कापू नका, ही कळकळीची विनंती. मुठीजवळ गाठ मारून आठवडाभर बघा. कापलेली दोरी परत जोडता येत नाही. मण्यांच्या दोरीला मुठीतली गाठ सोडून दोन्हीकडून सारखेच मणी काढायचे. तारेच्या दोरीला मुठीजवळ स्क्रू असतो, तो सैल करून तार ओढायची. उरलेली पक्कडीने कापायची, कात्रीने नाही.

कन्ना_चौक

मैदान सरांनी ठेक्याचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. आमच्या घरात चार माग होते. आम्हा भावंडांची दोरी म्हणजे मागावरचा सुताचा दोर आणि त्याला मुठी धोट्यातल्या, सूत गुंडाळायच्या जुन्या लाकडी कांड्यांच्या. कांडी आतून पोकळ असती, त्यातून दोर ओवायचा आणि वरच्या टोकाला गाठ. दोर मुठीत मोकळा फिरायचा, पीळ पडायचा नाही. बेअरिंग म्हणतात ते आमच्याकडं असं होतं. दोर हलका म्हणून थोरली बहीण मध्यावर ओल्या चिंधीचा पीळ गुंडाळायची, मग तो बरोबर पडायचा. आणि ठेका? बाजूला माग चालूच असायचा, खटक-खटक. त्याच्यावरच उड्या. माग बंद झाला की आमचाबी ठेका चुकायचा.

मला कुणी मध्यावरचं वजन का, ते सांगितलं नव्हतं. आज कळलं. लई बरं वाटलं सर.

मैदान

कन्ना_चौक, तुमच्या बहिणीने जे केलं तेच तत्त्व आहे. वजन दोरीत हवं, मुठीत नाही. हल्ली जड मुठीच्या दोऱ्या मिळतात, त्यात हात दमतो पण कमान काही सुधारत नाही.

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताईंच्या नडगीबद्दल आणि सासूबाईंच्या शंकेबद्दल लिहिते.

नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच इंच पसरलेला ठणका, उड्या सुरू करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी, ही बहुतेक वेळा सवय नसताना एकदम भार टाकल्याची खूण असते. तुम्ही अनवाणी, कोब्यावर आणि रोज, या तिन्ही गोष्टी एकत्र केल्यात. आठवडाभर उड्या बंद ठेवा, चालणं सुरू राहू द्या, दिवसातून दोनदा दहा-बारा मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. पण दुखणं एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर थांबा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि त्यावर उड्या मारत राहिलं तर ती वाढते.

आठवड्यानंतर परत सुरू करताना आधी पोटऱ्या तयार करा. भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभं राहायचं, दोन सेकंद थांबायचं, सावकाश टाचा टेकवायच्या. पंधरा-पंधराचे तीन फेर, एक दिवसाआड. पुढे उड्याही एक दिवसाआडच. दोरीच्या उडीत बराचसा झटका पोटरी आणि घोट्यामागची शीर झेलते. गुडघ्याच्या नावाने सगळे घाबरतात. पण नीट, छोटी उडी मारली तर आधी कुरकूर करते ती पोटरी.

उडी किती उंच? दोरी जाईल एवढीच, म्हणजे एक-दीड इंच. बहुतेक जण सहा-सहा इंच उडतात आणि पाय मागे दुमडतात. तसं करू नका. चवड्यांवर उतरायचं, गुडघे किंचित सैल, टाच जमिनीला जेमतेम टेकेल. कोपरं अंगाजवळ आणि दोरी मनगटातून फिरवायची, खांद्यातून नाही. उतरताना धप् आवाज येत असेल तर उडी मोठी आहे किंवा दम संपलाय. तेव्हा थांबायचं.

आता गर्भाशयाचं. निरोगी बाईचं गर्भाशय उड्या मारल्याने जागचं सुटत नाही. मुलींनी दोरी खेळू नये, पाळीत तर अजिबात नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. त्याला आधार नाही. पाळीच्या दिवसांत अंग साथ देत असेल तर जरूर खेळावं. मात्र ज्यांचं अंग बाहेर येतं, ओटीपोटात सतत खाली ओढल्यासारखं जड वाटतं, त्यांनी उड्या मारू नयेत, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावं. म्हणजे सासूबाईंची भीती अगदीच हवेतली नाही, ती कुणाकुणाच्या बाबतीत खरी असते.

आणखी एक गोष्ट, जी बायका मला दार लावून घेतल्यावर सांगतात. उडी मारताना लघवीचे थेंब सुटणं. बाळंतपणानंतर हे अनेकींना होतं. लाज वाटून व्यायामच सोडून देतात, तसं करू नका. लघवी धरून ठेवताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. दोन-तीन महिने नेटाने केलं तर पुष्कळ जणींना फरक पडतो. तोवर दोरीऐवजी चालणं. फरक नाही पडला तर तपासून घ्यावं, यावर उपचार आहेत.

गरोदर बायका, रक्तदाब आटोक्यात नसलेले, हृदयविकार असलेले, गुडघ्याची झीज झालेले, आणि मधुमेहामुळे तळपायाला बधिरपणा आलेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोरी हातात घेऊ नये.

होटगी_रोड

फिजिओताई, एक दिवसाआड का? मी रोज हजार मारतो. कॅलरी जाळायच्या तर रोजच मारायला हव्यात ना?

फिजिओताई

तुमचं वय आणि सराव वेगळा आहे, पोटऱ्या तयार आहेत. नव्या माणसाला हाड आणि शिरा सावरायला मधला दिवस लागतो. दम लवकर वाढतो, हाड सावकाश तयार होतं. दुखापत नेमकी त्या मधल्या काळात होते, जेव्हा आपल्याला वाटतं आता जमतंय.

कॅलरीचं म्हणाल तर मिनिटाला शंभरच्या वर उड्या मारणाऱ्या ६० किलोच्या माणसाच्या मिनिटाला ११-१२ कॅलरी खर्च होतात. म्हणजे सलग दहा मिनिटांत साधारण ज्वारीच्या एका मध्यम भाकरीएवढ्या. सलग दहा मिनिटं नव्या माणसाला जमत नाहीत. म्हणून वजन उतरवायचा मुख्य भार ताटावरच टाकावा. दोरीचा खरा फायदा दम, हाडं आणि तोल यांना. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. दोरी जोराच्या व्यायामात मोडते. तीन दिवस दोरी आणि उरलेले दिवस चालणं, एवढं पुष्कळ झालं.

मैदान

हजाराबद्दल मीही बोलतो. नव्या माणसाने उड्या मोजू नयेत, वेळ मोजावी. आकडा डोक्यात असला की शेवटच्या शंभर उड्या माणूस वाकडातिकडा होऊन पूर्ण करतो. वीस सेकंद उड्या, चाळीस सेकंद विश्रांती, असे दहा फेर. दर आठवड्याला उडीचे पाच सेकंद वाढवा, विश्रांतीचे पाच कमी करा. दोरी अडकली तर अडकली, घड्याळ चालू द्यायचं. मुष्टियोद्धे तर तीन मिनिटं दोरी आणि एक मिनिट विश्रांती असंच करतात, कारण त्यांची फेरी तेवढीच असते.

दोन्ही पायांनी उडी जमली की मग जागच्या जागी धावल्यासारखे एकेक पाय. वेगाच्या स्पर्धेत हेच करतात आणि पंच फक्त उजवा पाय मोजतात.

तिसरा_मजला

माझी अडचण वेगळी. गच्चीला सोसायटीचं कुलूप, घर तिसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये उड्या मारल्या की खालच्या आजोबांच्या डोक्यावर धपधप. ते काही बोलले नाहीत, पण त्यांची सून जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, बाबांना दुपारी झोप लागत नाही. मलाच वाईट वाटलं.

योगाची चटई अंथरून पाहिली, ती पायाखालून सरकते आणि दोरीने फाटते. जुनी सोलापुरी चादर घडी करून टाकली, तर घडीत पाय मुरगळता मुरगळता वाचला. शेवटी सुताराकडून तीन बाय पाच फुटांची, बारा मिलीमीटरची प्लायवुडची फळी आणली, कडा घासून घेतल्या. खाली चादरीची दुहेरी घडी, चार कोपऱ्यांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे म्हणजे ती फरशीवर सरकत नाही. वर उडी. आवाज बराच उतरला. प्लायवुड पायाला थोडं देतंही, शहाबादीसारखं कडक लागत नाही. आता सकाळी साडेसहाला मारतो, आजोबा तेव्हा फिरायला गेलेले असतात.

आणि पंखा! दोरी डोक्यावरून फूटभर वर जाते. माझी उंची पाच फूट दहा. पंख्याखाली उभा राहिलो होतो, पाते वाकलं. पंखा बंद होता म्हणून निभावलं.

होटगी_रोड

तिसरा_मजला, बिनदोरीचीही मिळते. मुठींना आखूड दोर आणि टोकाला गोळे. पायात काहीच येत नाही, पंख्याचा प्रश्न नाही. दम तितकाच लागतो. पण ठेका शिकायला तिचा उपयोग नाही, मैदान सर म्हणतात तो टक् तिच्यात येत नाही.

कंबर_तलाव

वय ६१, निवृत्त. उजव्या गुडघ्याची झीज आहे, डॉक्टरांनी उड्यांना स्पष्ट नाही म्हटलंय. पण नातीबरोबर काहीतरी करावं असं फार वाटतं. ती आठ वर्षांची आहे. दोरी मारल्याने उंची वाढते म्हणून तिची आई मागे लागली आहे. ते खरं का?

फिजिओताई

काका, उंची आई-वडिलांकडून येते, त्याला पोटभर सकस खाणं आणि झोप लागते. दोरीने हाडं बळकट होतात, उंची वाढत नाही. उंचीसाठी म्हणून मागे लागलं की पोरीला दोरीचा कंटाळा येईल, तेवढं तिच्या आईला सांगा.

तुम्ही उडी मारू नका, पण दोरी फिरवा. लांब दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं तुमच्या हातात, मध्ये नात. खांदा आणि मनगट दोन्ही चालतात. बसून नको, उभं राहूनच. आणि मधूनमधून हात बदला.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहिते आहे, काय झालं ते सांगायला.

नडगी आठवड्यात शांत झाली. तारेची दोरी गुंडाळून ठेवली. नवी पेठेत तीन दुकानं हिंडले, मण्यांची मिळाली नाही, म्हणून जाड पीव्हीसीची आणली, १८० रुपयांची. डब्यातून काढली तर वेटोळ्याचे पीळ जातच नव्हते, जमिनीवर सापासारखी वळवळ. शेजारच्या मुलाने सांगितलं म्हणून बादलीत गरम पाणी घेऊन दोन-तीन मिनिटं बुडवली आणि दोन्ही टोकं धरून ताणली. सरळ झाली. आता खिळ्याला मध्यावरून टांगून ठेवते. आधी गच्चीवरच ठेवायचे, पण आपल्या एप्रिलच्या उन्हात चार दिवसांत ती कडक व्हायला लागली, म्हणून घरात आणली.

दहा फुटी होती. गाठ मारून आठवडा काढला, मग दुसरी गाठ थोडी अलीकडे, मग कापली. आज आठ फूट दोन इंच आहे.

पहिले दोन दिवस मैदान सरांनी सांगितलं तसं नुसती बाजूला फिरवली. गच्चीवर एकटीच टक्-टक् ऐकत उडत होते. तिसऱ्या दिवशी दोरी पायाखालून गेली आणि जातच राहिली, अठ्ठावीस वेळा. तेव्हा मी खरोखर मोठ्याने ओरडले. खालून सासूबाई घाबरून वर आल्या, काय झालं म्हणून.

फिजिओताईंचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं होतं. "कुणाकुणाच्या बाबतीत खरी असते" या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं. मग म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या बहिणीचं अंग बाहेर यायचं, चौथ्या बाळंतपणानंतर. ती विडी वळायला दिवसभर उकिडवी बसायची आणि कुणाला सांगितलं नाही. शेवटी फार त्रास काढला तिने. त्यांनी हे घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्यावर काहीच बोलू शकले नाही, नुसती जवळ बसले. दुसऱ्या दिवसापासून त्या गच्चीवर खुर्ची घेऊन बसतात आणि घड्याळ बघून "थांब" म्हणतात.

सध्या तीस सेकंद उड्या, तीस विश्रांती, दहा फेर. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बूट घालून, सकाळी सहाच्या आत, कारण साडेसातलाच कोबा तापतो. आदल्या रात्री आणि उठल्यावर पाणी. वजन दीड किलो उतरलंय, त्यात रात्रीचा भात सोडल्याचा वाटा जास्त असणार. पण ऑफिसचे तीन जिने चढून गेल्यावर खुर्चीत बसून धापा टाकायचे, त्या बंद झाल्यात.

एकच अडतं. वीस सेकंदांनंतर उजवा हात डाव्यापेक्षा वर जातो आणि दोरी तिरकी येते. काय करू?

मैदान

ताई, अभिनंदन. दोन्ही काखांत एकेक घडी केलेला टॉवेल धरा आणि उड्या मारा. कोपर बाहेर गेलं की टॉवेल पडेल. पहिले चार दिवस उजवा सारखा पडत राहील, पडू द्या. आणि हात असा सुटतोय म्हणजे तीस अजून जड जातंय, आठवडाभर परत पंचवीसवर या.

जुळे_सोलापूरकर

करते सर. टॉवेल घरात भरपूर आहेत, आपलं सोलापूरच आहे. उद्या पाण्याचा दिवस आहे, पहाटेपासून भरणं चालू असेल, म्हणून परवा सुरू करून इथे कळवते.